जाळं धरणाऱ्याला लायसन लागत नाही

गुरुनाथ भोयाला आयर्लंडात येऊन अडीच महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत त्याच्या हाताला माशाचा वास लागला नव्हता. जन्मात असं कधी झालं नव्हतं. सून दुकानातून मासा आणायची, नाही असं नाही. पण त्याला डोळे नाहीत, शेपूट नाही, काटा नाही, वर प्लॅस्टिकचा कागद. "ह्याला मासा म्हणायचं तर पनीरलाबी म्हणा की," असं एकदा म्हणाला आणि पुढं गपचूप खायला लागला. सुनेनं केलेलं ताटात टाकायचं नाही, एवढी रीत त्याला होती.

मुलाचं, संकेतचं, घर ॲथलोनपासून वीस मिनिटांवरच्या खेड्यात. गाव ते केवढं? एक चर्च, एक पब, गुरांच्या खाद्यापासून गमबुटांपर्यंत सगळं विकणारं एक दुकान आणि एक दगडी पूल. पुलाखालून नदी. ती बघितली तेव्हा कुठं म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. उजनी धरणाच्या फुगवट्यावर पंचेचाळीस वर्षं काढलेला माणूस तो. बायको, पद्मिनी, वल्हं मारायची आणि हा जाळं टाकायचा. पद्मिनी जाऊन चार वर्षं झाली. तिच्या जागी दुसरं कुणी वल्ह्यावर बसवणं त्याला जमलं नाही.

पण नदी बंद होती. ऑक्टोबर ते फेब्रुवारी इथं ट्राउट धरायचा नाही, असा कायदा. हे गुरुनाथला लगेच पटलं. "बराबर हाय. मासा पोटुशी असताना त्याला हात लावणारा भोई नसतो, चोर असतो," तो म्हणाला. एक मार्चला नदी उघडणार होती. दहा मार्चला त्याचं परतीचं विमान. मधे नऊ दिवस. त्याच नऊ दिवसांवर डोळा ठेवून तो थंडीत दिवस काढत होता.

कारण होतं ईशानी. जानेवारीत झालेली नात. गुरुनाथच्या घरात मूल सव्वा महिन्याचं झालं की पाण्यावर नेतात. आज्यानं जिता मासा धरायचा, पोराचं बोट त्याच्या अंगाला लावायचं, आणि पोर कोणाचं ते बापानं पाण्याला मोठ्यानं सांगायचं. मग मासा सोडून द्यायचा. तो खायचा नसतो. संकेतला असाच भीमेवर नेला होता, संकेतच्या आज्यानं. ईशानीला हे झाल्याशिवाय जायचं नाही, असं ठरवूनच म्हातारा विमानात बसला होता. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्यात उतरत आलेला, गुडघे बोलायला लागलेले. पुन्हा एवढ्या लांब येणं होईल असं त्याला वाटत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी दुपारी संकेत त्याला दुकानात घेऊन गेला. मासेमारीचे दिवसाचे परवाने तिथंच मिळायचे. गुरुनाथनं जाताना खिशातून मत्स्यव्यवसाय खात्याचं आपलं जुनं लायसन काढलं. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं, फोटोत काळ्याभोर मिशा. काउंटरवरच्या पोरीपुढं त्यानं ते दोन्ही हातांनी ठेवलं. तिनं बघितलं, गोड हसली, "लव्हली" म्हणाली आणि परत सरकवलं.

संकेत तिच्याशी बरंच बोलला. गुरुनाथला इंग्रजीतलं काही कळत नव्हतं, पण एक शब्द त्यानं टिपला. "फार्मर." हा शब्द त्यानं बारशाच्या दिवशीही ऐकला होता. डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनहून विवेक आणि मेधा आले होते, पुण्याचे दोघं, चांगली माणसं. त्यांना संकेत म्हणाला होता, "आबांची उजनीच्या कडेला शेती आहे."  गुरुनाथ लाडूचं ताट घेऊन आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नव्हता. शेती कसली डोंबलाची. तुळशीपुरती माती नव्हती त्यांच्याकडे.

त्याला पोराचा राग येत नव्हता, हे खरं सांगायला पाहिजे. शाळेत असताना हाच पोरगा रोज सकाळी लिंबाच्या सालीनं हात घासायचा. कातडी लाल होईस्तोवर. वर्गातली पोरं नाक धरायची म्हणून. पद्मिनी एकदा म्हणाली होती, "मासा खाल्ला तर चालतो मेल्यांना, वास चालत न्हाई." पोरगं घासत राहिलं, शिकत राहिलं, इथवर आलं. त्याला कुठल्या तोंडानं बोलायचं?

दुकानाबाहेर आल्यावर संकेत गाडीपाशीच थांबला. भिंतीवरच्या कागदाकडे बघत म्हणाला, "आबा, सॉरी. दिवसाचे परवाने पहिले दोन आठवडे देत नाहीत. फक्त क्लबचे मेंबर. सीझन उघडला की फार गर्दी होते, म्हणून. पंधरा तारखेपासून मिळतील."

"पंधरा मार्च?"

"हो."

"आन माझं इमान धाला."

"हो ना."

"मग मेंबर हो की."

"मेंबरशिप जानेवारीतच बंद झाली. तिकीट पुढं ढकललं असतं, पण व्हिसा नव्वद दिवसांचाच आहे. मी आधी चौकशी करायला हवी होती, आबा."

"ऱ्हाऊ दे," गुरुनाथ म्हणाला. "नदी त्येंची हाय. त्येंचा नेम." आणि गाडीत बसून पट्टा लावायला लागला. तो पट्टा त्याला कधीच धड लागायचा नाही. संकेतनं वाकून लावून दिला.

आता शुक्रवारी जे झालं, ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालंच नसतं. उजनीवर हंगाम उघडायच्या आधी नवा दोरा रात्रभर पाण्यात ठेवतात. गळ लावायचा नाही, नुसता दोरा. पाण्याची आणि दोऱ्याची ओळख व्हायला लागते, असं जुनी माणसं सांगत. मासा आपल्याला धरता येणार नाही हे गुरुनाथनं मान्य केलं होतं. पण नदी उघडायची आणि तिला कुणी दोरा दाखवायचा नाही, हे काही त्याच्या मनाला बरं वाटेना. त्यानं सुनेकडून हळदीची चिमूट आणि अर्धा नारळ मागून घेतला. केतकी बाळाला पाजत होती. "प्रेसमध्ये आहे बघा, आबा, वरच्या," ती म्हणाली. कपाटाला ती इथल्यासारखं प्रेस म्हणायची.

संध्याकाळी म्हातारा पुलाखाली गेला. झाडाच्या मुळाला दोरा बांधला, टोकाला लोखंडी नट, आणि दिला सोडून पाण्यात. दगडाला हळद लावली, नारळ ठेवला, हात जोडले. पाऊस भुरभुरत होता. "उद्या काढून नेतो," असं पाण्याला सांगून घरी आला. त्या दिवशी जेवण त्याला गोड लागलं.

शनिवारी सकाळी दारावर थाप पडली.

दारात एक बाई. सत्तरीची, उंच, हिरवा मेणकापडी कोट, गुडघ्यापर्यंत चिखल. एका हातात गुरुनाथचा दोरा, दुसऱ्या हातात नारळाची वाटी. मागं रस्त्यावर शेजारचा माणूस कुत्रं घेऊन उभा होता, आणि कुत्र्याला पुढं जायचं होतं तरी तो जात नव्हता. बाईचं नाव ब्रीड. नदीच्या क्लबची सेक्रेटरी तीच. रखवालीही तीच करायची. काल संध्याकाळी एक म्हातारा पुलाखाली उतरताना कुणीतरी बघितला होता, आणि गावात तसा म्हातारा एकच होता.

संकेतचे कान लाल झाले. "आबा, हे काय केलंत? बंद नदीत दोरा टाकणं इथं गुन्हा असतो! पोलीस येतात!"

"गळ न्हाई त्याला," गुरुनाथ म्हणाला. घरातल्या मोज्यांवर तो दाराच्या आत उभा होता आणि हात कुठं ठेवावे ते त्याला कळत नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत त्याला कुणी चोर म्हटलं नव्हतं. "बग म्हणावं. गळ न्हाई. निस्ता दोरा हाय."

केतकी बाळाला खांद्यावर घेऊन पुढं आली. तिनं ते ब्रीडला सांगितलं. ब्रीडनं दोरा टोकापर्यंत ओढून बघितला. नट. गळ नाही. मग तिनं नारळाची वाटी वर धरली आणि काहीतरी विचारलं. आवाज आता तेवढा कडक नव्हता.

"विचारतायत, हे कशासाठी," केतकी म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघितलं. "तू सांग, संकेत."

संकेतनं दाराच्या कडीशी चाळा चालवला. नागपूरच्या ह्या पोरीचं एक होतं, ती कुणाला ढकलत नसे, पण जागा सोडून बाजूलाही होत नसे. ती बाळाची पाठ थोपटत उभी राहिली. शेवटी संकेत बोलायला लागला. थांबत थांबत. आणि त्या बोलण्यात गुरुनाथला एक शब्द ऐकू आला. "फिशरमन." मग पुन्हा, बोट त्याच्याकडे करून, "माय फादर. फिशरमन."

गुरुनाथनं मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते परक्या बाईला दिसू नये असं त्याला वाटलं.

ब्रीडनं दोरा नीट गुंडाळला, अगदी भोयाच्या हातानं गुंडाळावा तसा, अंगठा आणि करंगळीवर आठ करत, आणि त्याच्या हातात दिला. मग ती संकेतकडून बाळाच्या विधीचं ऐकत राहिली, बोट, मासा, पाणी, सगळं. दहा तारखेचं विमानही केतकीनं सांगितलं.

"नियम म्हणजे नियम, म्हणतायत," केतकी भाषांतर करत गेली. "ह्यांना सोडलं तर उद्या सगळ्यांना सोडावं लागेल. रॉड, म्हणजे गळाची काठी, तुम्हाला धरता यायचा नाही." ब्रीड थांबली. उजव्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाली, आणि केतकी एकदम हसली. "म्हणतायत, नियमात रॉड लिहिलंय. जाळं धरणाऱ्याला लायसन लागत नाही. नियम त्यांनीच लिहिलेत, त्यांना पाठ आहेत. त्यांच्या गळाला मासा लागला की त्यांचा नवरा खालून जाळं धरायचा. तो दोन वर्षांपूर्वी गेला. गुडघ्यामुळे त्यांना वाकता येत नाही. उद्या प्रार्थना झाली की साडेबाराला, पुलावर. याल का, विचारतायत."

"बाई गळ टाकनार आन मी जाळं धरायचं?" गुरुनाथनं विचारलं.

"हो. चालेल ना तुम्हाला?"

"न चालाय काय झालं? तुजी सासू वल्हं मारायची तवा होडी कुटं जायची ते तीच ठरवायची."

दुपारी ब्रीड ते जाळं आणून देऊन गेली. दांडीला बसवलेलं, टोपलीएवढं. नवऱ्याच्या माघारी खोपट्यात टांगून होतं, उंदरांनी खाल्लेलं, बुडाला हात जाईल एवढं भोक. तिनं एका बाजूला दोरीनं गाठी मारून बघितल्या होत्या. गुरुनाथनं त्या गाठी बघितल्या आणि नुसतं "अरारारा" म्हणाला.

त्यानं बॅगेच्या तळातून लाकडी सुई काढली. जाळं विणायची, हाताच्या घामानं काळी पडलेली. कशाला आणली होती, त्याचं त्यालाच ठाऊक. खिडकीशी खुर्ची ओढून तो बसला. आधी सगळं कुजकं कापून काढलं, मग कालचाच दोरा सुईवर भरला. बोटावर जाळ्याचं घर मोजायचं, सुई खालून काढायची, अंगठ्यानं दाबायचं, गाठ. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण ह्या कामात डोळे लागतात कुणाला. बाहेर पाऊस लागून राहिला होता. केतकीनं बाळाला त्याच्या पायाशी दुपट्यावर निजवलं आणि ते सुईकडे बघत पडून राहिलं.

संकेत चहा घेऊन आला. कप ठेवून तिथंच घुटमळला.

"आबा, उद्या विवेक-मेधा जेवायला येतायत. आधीच ठरलं होतं."

"येऊ देत की."

"ते पण नदीवर येतील बहुतेक."

गुरुनाथची सुई क्षणभर थांबली. पोराला काय म्हणायचंय ते त्याला कळलं. परक्या बाईला इंग्रजीत सांगणं वेगळं. आपल्या भाषेत, आपल्या माणसांसमोर, मोठ्यानं, ते वेगळं.

"संकेत, लका, तू काय काळजी करू नगंस. मीच बोलीन हळूच. पाण्याला ऐकाय येतं."

संकेत खाली वाकून बाळाचं दुपटं सारखं करत राहिला. चहा निवून गेला.

रविवारी, एक मार्चला, पाऊस उघडला. नदी उतरली होती, तरी पोटात जोर होता. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. काठावर ठिकठिकाणी क्लबची माणसं उभी, सगळी गप्प, सगळ्यांच्या नाकाचे शेंडे लाल. ब्रीडनं नवऱ्याचे गुडघ्यापर्यंतचे बूट आणले होते. गुरुनाथचे पाय त्यात इकडून तिकडं हिंदकळत होते, म्हणून केतकीनं लोकरीचे तीन मोजे चढवायला लावले. ब्रीडनं दुरुस्त केलेलं जाळं हातात घेतलं, जुन्या गाठी कुठं संपल्या आणि नव्या कुठं सुरू झाल्या ते बोटानं शोधत राहिली आणि तिला ते सापडलं नाही. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि "ग्रँड" म्हणाली. एवढं इंग्रजी त्यालाही कळलं.

तिच्या गळाला पिसं बांधलेली होती, माशीसारखी. पिसाला मासा भुलतो हे गुरुनाथला नवीन होतं. ती दोरा हवेत मागं-पुढं खेळवायची आणि पाण्यावर अलगद सोडायची. एक तास गेला. काही नाही. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि पाण्यावर बोलायची दोघांनाही सवय नव्हती, त्यामुळे काही अडलं नाही.

गुरुनाथ फेस बघत होता. पलीकडे एका बुडालेल्या दगडामागं फेस येऊन गोल फिरत होता आणि मग हळू सुटत होता. मासा धावत्या पाण्यात उभा राहत नाही, तो धावत्या पाण्याच्या शेजारी उभा राहतो. उजनी असो की आयर्लंड, माशाला कष्ट नको असतात. त्यानं जाळ्याची दांडी उचलून त्या दगडाकडे केली. ब्रीडनं मान हलवली, नाही. तिथं तिनं आयुष्यात कधी टाकलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं परत दांडी केली. ती हसली, खांदे उडवले, आणि टाकलं.

दुसऱ्या फेकीला रॉड वाकला.

मासा खाली पळाला, वर आला, पाण्याबाहेर उडाला. ब्रीड मागं सरकत होती आणि तिचा गुडघा दगडावर दुमडला. ती एका हातावर पडली, पण रॉड तिनं वरच धरला. गुरुनाथनं तिला उचललं नाही. उचललं असतं तर मासा गेला असता आणि बाईनं त्याला जन्मभर माफ केलं नसतं. तो गुडघाभर पाण्यात शिरला, बूट भरले, गार पाणी हाडात गेलं, आणि त्यानं जाळं माशाखाली धरून ठेवलं. उचललं नाही, नुसतं वाट बघत धरलं. मासा आपण होऊन आत आला. नवी गाठ तटतटली आणि टिकली.

"आगं बया," गुरुनाथ म्हणाला.

हातभर नाही, वीतभरापेक्षा थोडा मोठा. पिवळं पोट, पाठीवर काळे ठिपके, बाजूला कुंकवासारखे लाल. त्यानं काठाशी येऊन जाळं पाण्यातच ठेवलं. ब्रीड उठली, चिखलातूनच जवळ आली आणि पिसाचा गळ माशाच्या ओठातून सोडवला.

संकेत बाळाला घेऊन काठावर उतरला. मागं केतकी, तिच्या मागं विवेक आणि मेधा. विवेक मोबाइल काढून व्हिडिओ घेत होता. गुरुनाथनं दुपट्यातून ईशानीचा हात बाहेर काढला. एवढीशी मूठ. बोट उघडून त्यानं माशाच्या पाठीवर टेकवलं. पाणी गार लागलं तशी पोरीनं तोंड वाकडं केलं, पण रडली नाही.

आता बोलायचं होतं. गुरुनाथनं ठरल्याप्रमाणं तोंड पाण्याजवळ नेलं आणि पुटपुटला, "गंगामाय, ही आमची ईशानी. हिला वळख..."

"आबा, थांबा."

संकेत त्याच्या शेजारी पाण्यात आला होता. साध्या बुटांत. घोट्यापर्यंत भिजला होता. एकदा त्यानं घसा खाकरला. आणि मग बोलला, अख्ख्या काठाला ऐकू जाईल एवढ्यानं. क्लबची माणसं वळून बघायला लागली.

"ही ईशानी. संकेतची मुलगी. गुरुनाथ भोयाची नात. आम्ही उजनीचे भोई. मासे धरणारे. हिला ओळख ठेव."

  गुरुनाथनं पोराचा दंड धरला आणि दुसऱ्या हातानं जाळं तिरकं केलं. मासा क्षणभर तिथंच थांबला आणि मग नव्हताच.

विवेकनं मोबाइल खाली घेतला. "अरे, शेती म्हणाला होतास ना तू?"

"खोटं बोललो होतो."

"गाढवा," विवेक म्हणाला, "आणि इतकी वर्षं आम्हाला फ्रोझन बासा खायला घालतोस?"

केतकी हसली, मग मेधा, आणि काय चाललंय ते न कळताही ब्रीड हसली. मेधानं पर्समधून ओला टिश्यू काढला आणि पुढं आली. "दे तिचा हात. पुसते बोट, नाहीतर वास राहील."

संकेतनं पोरीचा हात आपल्या मुठीत घेतला. "राहू दे गं," तो म्हणाला. "घरी गेल्यावर बघू." आणि ते इवलं बोट त्यानं आपल्या नाकाशी नेलं.

गुरुनाथ पाण्यात उभा राहून बघत होता.

"लागला का रं वास?"

"लागला, आबा."